विद्वानाची वाणी आणि शेजाऱ्याची अब्रू

श्रोते हसले की वक्त्याला आपण खरेच बोललो असे वाटू लागते. हा अनुभव आम्ही वेदीजवळ उभे राहून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका सणाच्या प्रवचनात आम्ही आमच्याच धर्मग्रामातील एका वस्तीच्या दारूवर बोचरा विनोद केला. चर्चभर हशा पिकला. त्या वस्तीतली एक वृद्ध भगिनी मात्र पुढचे तीन रविवार मिस्साला आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती इतकेच म्हणाली, "फादर, आमचं घर बी त्याच वस्तीत हाये न."

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. ज्याला शब्दांचे धन लाभले, त्याने ते लोकांपुढे कसे खर्चावे? आणि देशप्रेमासारख्या थोर भावनेच्या नावाने बोलताना तरी जिभेला मोकळीक असते काय?

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करताना शिवराम महादेव परांजपे यांची आठवण अटळ आहे. महाड येथे १८६४ साली जन्मलेले परांजपे पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे त्यांनी १८९८ मध्ये 'काळ' हे साप्ताहिक काढले. वर्गात शिकवलेला काव्यातील अलंकार त्यांनी राजकारणात आणला. तो अलंकार म्हणजे वक्रोक्ती. वरवर इंग्रजी राज्याची स्तुती करावी आणि त्याच वाक्याने त्या राज्याचे ढोंग उघडे पाडावे, अशी ती शैली. १९०८ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि एकोणीस महिन्यांची सजा झाली. १९१० च्या कायद्याने 'काळ' बंद पडला. त्यांच्या निवडक निबंधांवरही सरकारची बंदी आली. तरी लेखणी वाकली नाही. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी समाजाने त्यांचा गौरव केला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

परांजप्यांचा उपरोध आपल्याहून बलवान असणाऱ्यावर होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः तुरुंगात मोजली. म्हणून त्यांच्याविषयी आदर वाटतो. परंतु केवळ धैर्याने वाणी शुद्ध होते, असे म्हणून येथे थांबता येत नाही. १९०८ चा तो खटला मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतरच्या लिखाणावरून झाला होता. त्या स्फोटात ज्या न्यायाधीशाला मारावयाचे होते तो वाचला आणि केनेडी नावाच्या दोन निरपराध स्त्रिया मेल्या. अठरा वर्षांचा खुदिराम बोस फासावर गेला. परकीय सत्तेचा अन्याय खराच होता. पण त्या दिवसांच्या धगधगत्या भाषेत त्या दोन स्त्रियांच्या मरणासाठी फारशी जागा नव्हती. न्याय्य क्रोधसुद्धा माणसाचा चेहरा विसरू शकतो, हे आपण आदर राखूनच मान्य केले पाहिजे.

परांजप्यांनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६४ साली, चीनमध्ये कोंग छिंगदोंग यांचा जन्म झाला. पेकिंग विद्यापीठात ते चिनी साहित्याचे प्राध्यापक झाले आणि पुढे राष्ट्रवादी भाष्यकार म्हणून गाजले. ते स्वतःला कन्फ्युशियसचे वंशज म्हणवतात. २०१२ च्या जानेवारीत हाँगकाँगच्या रेल्वेत एका चिनी कुटुंबातील मुलाच्या खाण्यावरून तेथील प्रवाशांशी भांडण झाले. त्यावर बोलताना या प्राध्यापकांनी हाँगकाँगच्या अनेक लोकांना कुत्रे म्हटले. पुढे एका तरुणाने त्यांच्या कवितेतील छंदाची चूक दाखवली, तेव्हा त्यालाही त्यांनी देशद्रोही कुत्रा ठरवले. २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना माफी मागण्यास व भरपाई देण्यास सांगितले. छंदाच्या चुकीचे उत्तर व्याकरणाने द्यावयाचे असते. त्याऐवजी तेथे राष्ट्र आडवे आले.

दोघेही साहित्याचे अध्यापक, दोघेही देशाभिमानी. मग फरक कोठे? एकाचा शब्द सिंहासनाकडे गेला, दुसऱ्याचा शेजाऱ्याकडे. एकाच्या वाक्याने वाचकाला विचार करणे भाग पडे. दुसऱ्याच्या शिवीने विचार करण्याची गरजच संपवली. ज्याच्यावर आपले श्रोते आधीच रुष्ट आहेत त्याला आणखी एक दगड मारण्यास कसले धैर्य लागते? आठव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असे सांगितले आहे. एका माणसाच्या दोषाने साऱ्या वस्तीला, साऱ्या शहराला नाव ठेवणे हीदेखील खोटी साक्षच होय. त्या वृद्ध भगिनीने आम्हांला हेच सांगितले होते.

आपल्या यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि मोठे वादळ उठले. अखेर उद्घाटनास उभ्या राहिल्या वैशाली येडे. याच जिल्ह्यातील, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या. त्यांच्याजवळ प्राध्यापकाची पदवी नव्हती, पण जे दुःख त्या सांगत होत्या ते त्यांनी भोगले होते. सभामंडपाने ते ऐकले.

प्रिय वाचकहो, आता आम्ही प्रवचन तयार करताना त्या वृद्ध भगिनीला मनाने पहिल्या बाकावर बसवतो. तिच्यादेखत जे वाक्य उच्चारवत नाही, ते कितीही टाळ्या मिळवणारे असले तरी खोडून टाकतो. घरी जेवताना, चावडीवर, निवडणुकीच्या दिवसांत आपणही एवढे करून पाहावे.