उलगडण्याची वेळ

घोळणा फुटला की आपल्याकडे उष्णतेवर खापर फोडतात आणि गुलकंद पुढे करतात. बहुतेकदा त्यानं काही बिघडत नाही. पाळीत फार अंगावरून जात असेल, तर ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं’ म्हणून विषय मिटतो. आनुवंशिक आजार लपतो तो नेमका इथे. आईला, मावशीला, आजीला होतं, म्हणून ते घरची रीत ठरतं.

1924 मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांवरची एक पाच वर्षांची मुलगी हेलसिंकीत डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्यापुढे आली. तिच्या बहिणी रक्तस्रावानं दगावल्या होत्या. हिमोफिलिया म्हणावा, तर तो बहुतेककरून मुलग्यांचा आजार. 1926 साली डॉक्टरांनी या घराण्यावर निबंध लिहिला. प्लेटलेट संख्येनं पुरेशा, तरी रक्त थांबेना. उणीव प्लाझ्मातल्या एका प्रथिनाची होती. हे कळायला आणखी तीसेक वर्षं गेली.

आज त्याला विलेब्रांड घटक म्हणतात. 2050 अमिनो आम्लांचे दुवे गंधकाच्या बंधांनी जोडले जाऊन त्याच्या लांबच लांब साखळ्या होतात. एरवी साखळी सुताच्या गुंडीसारखी गुंडाळलेली असते. रक्तवाहिनी फाटली की ती उघड्या पडलेल्या कोलॅजेनला चिकटते, प्रवाहाच्या ओढीनं उलगडते आणि तोवर झाकलेला ए-1 हा भाग प्लेटलेटना धरतो. त्याच ओढीनं शेजारचा ए-2 भागही उघडतो, आणि एक विकर तिथे साखळी कापतं. धरणं आणि आवरणं एकाच ओढीवर बेतलेलं. मला या रचनेचं कौतुक वाटतं ते यासाठी.

बिघाडही तितकेच बारीक. घटक कमी असला तर विलेब्रांड आजाराचा टाइप 1, जवळपास नसलाच तर टाइप 3. टाइप 2 मधल्या 2एन प्रकारात तो रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाला धरून ठेवू शकत नाही, म्हणून आजार हिमोफिलियासारखा दिसतो. पण विचारात पाडतो तो 2बी. इथे ए-1 अतिउत्सुक. जखम नसतानाच प्लेटलेटना जाऊन चिकटतो. मोठ्या साखळ्या आणि प्लेटलेट दोन्ही खर्ची पडतात, आणि खरी जखम झाली की हात रिकामे. ‘अति तेथे माती’ म्हणावं, तर प्रथिन जास्त कुठे आहे? एखादं अमिनो आम्ल बदललेलं, एवढंच. म्हणून प्रकार न ओळखता औषध देता येत नाही: टाइप 1 मध्ये उपयोगी पडणारं डेस्मोप्रेसिन 2बीत प्लेटलेट आणखी घटवू शकतं.

ओलांडची ती मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत गेली.

पाळी आठवड्याहून जास्त लांबत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, अंगावर उगाच काळेनिळे डाग पडत असतील, तर सीबीसी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. विलेब्रांड घटकाची तपासणी वेगळी असते. रक्तविकारतज्ज्ञांकडे ती मागून घ्या.