गद्धेगाळीच्या मुलखात सेल्फी पॉइंट

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की आक्षी लागते. या गावातला एक शिलालेख वर्षानुवर्षे रस्त्याकडेला ऊनपाऊस खात उभा होता. मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात. त्यावरचा काळ शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला आहे. हे वाचन सर्वांना मान्य नाही, पण तो वाद इथे नको. मला त्या दगडाने केलेल्या कामात रस आहे. शिलाहार राजा केसीदेवाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य लावून दिले, त्याची ही नोंद आहे. आज असा कागद तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि तो बघायला अर्ज करावा लागतो. तेव्हा तो दगडावर कोरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा रोवत.

कोकणात असे दगड ठिकठिकाणी सापडतात. वर सूर्यचंद्र, मधे मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांचे ओबडधोबड शिल्प. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती सरळ शिवी असते, म्हणून गद्धेगाळ. (धमकी द्यायची तर ती बाईच्या देहावरून, ही खोडही तेवढीच जुनी.) अक्षरे न येणाऱ्यालाही ती शिवी कळत असे. आक्षीचा दगड याच कुळातला. सुंदर म्हणावे असे त्यात फारसे काही नाही. पण सार्वजनिक जागी उभे केलेले शिल्प कशासाठी असते, याचे या किनाऱ्यावरचे जुने उत्तर त्यात आहे: कोणाचा कशावर हक्क आहे हे सर्वांसमक्ष सांगण्यासाठी, आणि तो मोडणाऱ्याला ताकीद देण्यासाठी.

आता त्याच किनाऱ्यावरची नवी सार्वजनिक कला पाहा. नगरपालिकेच्या भाषेत हिचे नाव सुशोभीकरण. समुद्राकडे तोंड केलेला फायबरचा डॉल्फिन, रंगीत दिव्यांचे कारंजे आणि गावाच्या नावाआधी लाल बदाम लावलेली इंग्रजी अक्षरे. लोक तिथे फोटो काढतात, पोरे डॉल्फिनवर चढतात, यात वाईट काहीच नाही. शहराला थोडी गंमत हवीच. तक्रार एवढीच की मुरूडचा डॉल्फिन रातोरात लोणावळ्यात नेऊन ठेवला तर दोन्हीकडे कोणाला चुकल्यासारखे वाटणार नाही.

हा विषय आज काढायचे कारण म्हणजे रायगडचा किनारा नव्याने आखला जातो आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. वर्तमानपत्रे याला तिसरी मुंबई म्हणतात, सरकारी कागदावर ते कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर आहे. शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या आहेत. आराखडे होतील, चौक होतील, उद्याने होतील आणि शेवटी, सगळे सिमेंट वाळल्यावर, कोणीतरी विचारील की इथे शिल्प कोणते बसवायचे. तोवर उशीर झालेला असेल.

नवनगराच्या नावातल्या चिरनेरमध्ये शिल्प आधीच आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या रानात आगरी, कातकरी, कराडी गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला. सरपणासाठी, शेतीसाठी लागणाऱ्या रानावर सरकारने घातलेली बंदी त्यांनी कोयत्या-कुऱ्हाडी घेऊन मोडली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. गोळीबारात मामलेदारही मारला गेला. गावातल्या महागणपतीच्या देवळात गजावरची गोळीची खूण आजही दाखवली जाते. हुतात्मा स्मारक आहे, दर २५ सप्टेंबरला मानवंदना होते, आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात. शिल्पकलेच्या परीक्षेत स्मारकाला किती गुण पडतील हे बाजूला ठेवू. लोखंडी गजावरची ती खूण मात्र कोणा कलावंताला सुचली नसती. तिच्याजवळ उभे राहिले की रान कोणाचे, हा प्रश्न आपोआप विचारला जातो. नवनगराला नाव देताना तो प्रश्नही नावाबरोबर आला आहे, आराखडा करणाऱ्यांच्या ते लक्षात आले असो वा नसो.

तिथून जासई लांब नाही. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. मोबदल्याचा लढा दि. बा. पाटलांनी उभा केला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. पुढे विकसित भूखंडातला साडेबारा टक्के वाटा हे तत्त्व मान्य झाले, ते या रक्तावर. जासईच्या स्मारकापाशी दर जानेवारीत जमणारी गर्दी फुले वाहून घरी जात नाही, भाषणांत अजून न मिळालेल्या भूखंडांची आणि गरजेपोटी बांधलेल्या घरांची यादी असते. २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चे नाव द्या म्हणून हजारो माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा शहरी मित्रांना तो भावनेचा बाजार वाटला होता. मला तसे वाटले नाही. ज्याची जमीन धावपट्टीखाली गेली त्याला त्या जागेवर आपली सही हवी होती.

महाडचे चवदार तळे समुद्रापासून थोडे आत, सावित्रीच्या काठच्या गावात. पण जिल्हा हाच. मुंबई कायदेमंडळाच्या ठरावानंतर नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर जाहीर केले. कागद कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागोमाग हजारोंनी त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा हक्क प्रत्यक्षात आला. सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले, वाद कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. आज तिथे पुतळा आहे, क्रांतिस्तंभ आहे, घाट बांधलेले आहेत. पण शहराने तळ्याला जपले याचे श्रेय बांधकामाला देता येत नाही. दर मार्चमध्ये गावोगावहून येणारी, पुस्तके विकत घेणारी, ओंजळीत पाणी घेणारी माणसे ते जपतात. ती यायची थांबली असती तर चवदार तळे महाडच्या विकास आराखड्यात एक ‘जलाशय’ म्हणून उरले असते आणि काठाला कारंजे लागले असते. मार्च २०२७ मध्ये या घटनेला १०० वर्षे होतील.

आता उलट बाजू. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यासाठी शेवा गावातल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणले. नव्या घरांना वाळवी लागली आणि पुनर्वसनाचा प्रश्न दशके रेंगाळला. नकाशावर वसाहत झाली, पण गाव म्हणजे होड्या लावायची जागा, जाळी शिवायची सावली, मासळी सुकवायची खळी, होळीचा माळ आणि पालखी टेकवायची सहाण. वसाहतीच्या आराखड्यात यांना रकाना नसतो. उरणच्या चार कोळीवाड्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी हरित लवादाकडे दाद मागितली, तेव्हा फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. भराव आणि तोडलेली खारफुटी यांमुळे मासेमारीची जागा गेली, हे त्यात मान्य झाले. खाडीतल्या जागांना नावे असतात, प्रत्येक डोल कुठे लागते हे ठरलेले असते. पण ती नोंद म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते, सरकारी नकाशात नसते. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनंतर किनारा व्यवस्थापन नकाशांत कोळीवाडे आणि त्यांच्या वापरातल्या जागा नीट दाखवा, म्हणून मच्छीमार संघटना भांडत आल्या त्या याचमुळे.

इथे मला चित्रकार हवा आहे. मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर वीस फूट लांबीचा खाडीचा नकाशा, गावातल्या जाणत्यांनी सांगितलेला, गावच्या पोरांनी रंगवलेला: कुठे कोणती मासळी, कुठे जुनी खारबंदिस्ती आणि तिची उघडी, कोणते पाणी कोणत्या वर्षी भरावाखाली गेले. अशी भिंत फोटोलाही बरी दिसेल आणि सुनावणीला आलेल्या अधिकाऱ्याला तिच्यासमोर उभेही करता येईल. मुंबईत ससून डॉकवर २०१७ मध्ये चित्रकारांनी मोठा प्रकल्प केला, कोळणींचे चेहरे भिंतींवर आले, शहराने गर्दी केली. छान झाले. पण चेहरा रंगवणे सोपे, हद्द रंगवणे अवघड. हद्द रंगवली की कोणाचे तरी बिनसते, म्हणून निविदेत ती येत नाही.

आणि हात? हातांची या जिल्ह्यात टंचाई नाही. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींवर जगतात. मूर्ती साऱ्या महाराष्ट्रात जातात, समुद्रापारही जातात. कारखान्यात उन्हाळ्यातच कच्च्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. साच्यातून काढणारा वेगळा, रंगारी वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा तर सन्मानाचाच माणूस, कारण मूर्तीची नजर त्याच्या हातात. गेली काही वर्षे हा धंदा पीओपीच्या प्रश्नावर टांगलेला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला परवानगी देऊन नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर बंधन ठेवले. पर्यावरणवाद्यांची बाजू मला पटते. शाडूच हवी. पण कारागिराला शाडूकडे न्यायचे तर भाद्रपदापलीकडचे काम त्याच्या हाती द्यावे लागेल. ते काम आपल्याकडे आहे: बसथांबे, शाळांच्या भिंती, मासळी बाजाराचे ओटे, स्मशानभूमीची कमान, सगळीकडे भाजक्या मातीची आणि दगडाची कला बसू शकते. अडचण निविदेची आहे. मोठ्या कामाच्या निविदेत मागील वर्षांची उलाढाल विचारली की हमरापूरचा कारागीर पहिल्याच पानावर बाद होतो.

खाऱ्या वाऱ्याची ओळख नसलेल्या माणसाने किनाऱ्यावर काही उभारू नये, हे सांगायला मालवणचे उदाहरण पुरे. राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. नंतर वाऱ्याचा वेग, गंजलेले नटबोल्ट, घाई, सगळ्यांची चर्चा झाली. त्याच समुद्रात जवळच सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे उभा आहे. रायगडलाही ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवते. अलिबाग ते श्रीवर्धन पत्रे आणि पोफळी एकाच दिवसात आडव्या झाल्या.

पैशाचे काय, असा प्रश्न येईल. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पुनर्विकास प्राधिकरणाने १९५९ मध्ये अट घातली की त्यांच्या जमिनीवर बांधणाऱ्या विकासकाने खर्चाचा किमान एक टक्का कलेवर घालावा. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या इमारतींपासून असाच एक टक्का सुरू केला होता. नवनगरासाठी हा नियम उचलायला हरकत नाही, पण तो एक टक्का प्राधिकरणाच्या तिजोरीत गेला तर डॉल्फिन मोठा होईल, एवढेच. तो ग्रामसभेकडे जायला हवा आणि त्यातला निम्मा पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवायला हवा. गणेशोत्सवाची वर्गणी काढणारी, हिशेब फळ्यावर लिहिणारी मंडळे या गावांत आहेत. त्यांना हिशेब शिकवावा लागणार नाही.

या सगळ्याला एक मोठा धोका आहे आणि तो मला चिकटून राहिला आहे. स्मारक मिळाले की भूखंडाची मागणी मऊ पडते, हे सत्तेला चांगले ठाऊक असते. पुतळ्याचे भूमिपूजन साडेबारा टक्क्यांच्या वाटपापेक्षा स्वस्त पडते. आक्षीच्या दगडाने ही फसवणूक केली नाही, कारण आधी धान्य लावून दिले होते आणि मग दगड कोरला होता. हा क्रम उलटा झाला की कला लाच ठरते. चिरनेरच्या सत्याग्रहाची शताब्दी २५ सप्टेंबर २०३० ला आहे. तोपर्यंत नवनगराचे काम बरेच पुढे गेलेले असेल आणि एखादे भव्य शिल्प उभारायचा प्रस्ताव नक्की येईल. गावाने तेव्हा प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला चहा पाजावा, गावठाणाची मोजणी, गरजेपोटीच्या घरांची नोंद आणि कातकरी वाडीचे सातबारे टेबलावर मांडायला सांगावे आणि शिल्पाचा विषय पुढच्या ग्रामसभेवर ठेवावा.