दोन घरचा पाहुणा

आखाजीला आमच्या वरणगावात माहेरवाशिणी येतात. झाडांना झोके बांधले जातात आणि चार दिवस गाव पुन्हा लहान होते. त्या दिवसांत लेकीला कोणी विचारीत नाही, की बाई, तू नेमकी कोणत्या घरची? दोन्ही घरे तिचीच.

गेल्या आखाजीला मात्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईने मला जवळपास हाच प्रश्न विचारला. मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, तिथला नागरिक झाला आणि १९५५च्या कायद्याप्रमाणे त्याचे भारतीय नागरिकत्व संपले. "गुरुजी, पोरगं परकं झालं का हो?" मी 'नाही' म्हणालो खरा, पण ते उत्तर तोंडदेखले होते. रात्री झोप येईना.

त्याच ऑस्ट्रेलियातली गोष्ट पाहा. बार्नबी जॉइस हे २०१७ साली तिथले उपपंतप्रधान होते. जन्म तिथलाच, पण वडील न्यूझीलंडमध्ये जन्मलेले, म्हणून वारशाने तिथलेही नागरिकत्व चिकटलेले. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे ४४वे कलम परक्या देशाच्या नागरिकाला संसदेत बसू देत नाही. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली. ते नागरिकत्व त्यांनी सोडलेले होतेच; डिसेंबरात पोटनिवडणूक जिंकून ते परत आले. माणूस तोच, मन तेच. बदलला तो कागद!

आता आपल्या शेजारचे उदाहरण. अंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. २०१७ साली आपल्या पंतप्रधानांनी त्यांना परदेशस्थ भारतीयाचे कार्ड दिले. या कार्डाने माणूस हवे तेव्हा येऊ शकतो, राहू शकतो. मात्र मत देता येत नाही, की आमदार-खासदार होता येत नाही. म्हणजे माहेरपण आहे, पण तिजोरीची किल्ली नाही.

हा कोतेपणा म्हणावा का? मला प्रथम तसेच वाटले. मग शेतातला बांध आठवला. समजा, सासर आणि माहेर यांच्यात बांधावरून तंटा लागला. लेक कितीही सरळ असो, तिला पंच म्हणून बसवू नये. ती लबाडी करील म्हणून नव्हे. तिने खरा निवाडा दिला तरी हरलेले घर तिच्यावर संशय घेईल, म्हणून. आणि राज्यकारभार म्हणजे तरी काय? रोज कुठला ना कुठला बांध ठरवणेच.

प्रेमाला दोन घरे चालतात. न्यायाच्या आसनाला चालत नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. तो उपाशी राहिला तरी चालेल, पण दोन घरचा पंच दोन्ही घरांना उपाशी ठेवील.

दुसऱ्या दिवशी मी त्या माउलीकडे मुद्दाम गेलो. म्हटले, "वहिनी, त्याने पंचाची जागा सोडली, लेकराची नाही." तिने डोळ्यांना पदर लावला आणि विचारले, "मग दिवाळीला येईल ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.