मूठभर बियाणं

माझी नात डोंबिवलीच्या कॉलेजात शिकते. एकदा घरी आली ती झेरॉक्सची सहा पानं नाचवत. "आबा, तुझा लेख आम्हाला वर्गात शिकवला!" मी दहावी शिकलेला, कल्याणच्या बाजूला भात लावणारा माणूस. ऊर भरून आला.

मग तिने पिशवीतून दुसरं बाड काढलं. माझं अख्खं पुस्तक, स्पायरल मारलेलं. कॉलेजबाहेरच्या दुकानात सत्तर रुपयांना. वर कव्हर नाही, आत माझं नाव नाही. भात विकून छापलेलं पुस्तक ते.

"ही चोरी आहे," मी म्हणालो.

"मग ती सहा पानं पण चोरीचीच ना?" नातीने विचारलं.

मला उत्तर सुचेना. दहावीला गणिताच्या गाइडला पैसे नव्हते, म्हणून मित्राचं गाइड मी कंदिलाच्या उजेडात दोन वह्यांत उतरवलं होतं. मग मी कोण?

कल्याण कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याच्या ५२व्या कलमात शिकवण्या-शिकण्यासाठी शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला नक्कल काढायची मुभा आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता. २०१६ साली हायकोर्टाने निकाल दिला, की शिकवण्यासाठी पुस्तकांतला लागेल तेवढा भाग काढून देणं हा गुन्हा नाही.

हे मला लगेच पटलं, कारण बियाण्याचंही तसंच आहे. २००१ च्या वाणांच्या कायद्यात ३९वं कलम आहे. शेतकऱ्याने घरचं बी राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंही. फक्त संरक्षित वाणाचं बी त्या वाणाच्या नावाने पिशवीत भरून, लेबल लावून विकायचं नाही. पेरायला दिलेलं बी वेगळं, दुकान मांडलेलं वेगळं. वर्गातली सहा पानं म्हणजे पेरणी. सत्तर रुपयांचं बाड म्हणजे दुकान.

एवढं ठरवून मी त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, पुस्तक बाजारात मिळतच नाही. पोरांनी करायचं काय?"

खोटं काय बोलला तो? शंभरेक प्रती माझ्याच माळ्यावर धूळ खात पडल्यात. कणगी भरलेली ठेवायची आणि शेजाऱ्याने मूठभर नेलं की ओरडायचं, हे शेतकऱ्याला शोभत नाही. दहा प्रती मी कॉलेजच्या ग्रंथालयात देऊन आलो. बाकीच्या निम्म्या किमतीत त्याच दुकानात ठेवल्या.

नावाचं मात्र मनातून जात नाही. वकील म्हणाले, कायद्यात ५७वं कलम निराळं आहे. लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. आमची आई शेजारून बी आणायची, ते सुगीला सवाईने परत करायची. आणि शेत चांगलं आलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, बी अमक्याच्या घरचं हो.

पोरांकडून मला सवाई नको. गाइडवाल्याला मी तरी कुठे दिली? पण बी कुणाच्या घरचं, एवढं त्यांनी सांगावं. त्या गाइडच्या लेखकाचं नाव मी वहीत उतरवलं नव्हतं. आज कितीही आठवलं तरी आठवत नाही.