गळपट्टा आणि छातीपट्टा

लहान कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधावा, की बाजारात ज्यास हार्नेस म्हणतात तो छातीवरून व पाठीवरून जाणारा पट्टा त्यास घालावा, हा प्रश्न मासिकाच्या पानांवर चर्चेस घेण्याजोगा आहे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. दुकानदाराने दोन मिनिटांत सोडवावा असा हा प्रश्न! परंतु ज्याच्यावर आपली सत्ता निरपवाद चालते, ज्यास तक्रार करण्यास वाणी नाही आणि ज्याच्या वतीने जाब विचारण्यास सहसा कोणी येत नाही, अशा जिवाशी आपण कसे वागतो यावरून आपल्या नीतीची जितकी खरी परीक्षा होते, तितकी बरोबरीच्या माणसांशी होणाऱ्या व्यवहारात होत नाही. बरोबरीच्या माणसाशी आपण नीट वागतो त्यात न्यायबुद्धी किती आणि भीड किती, हे सांगणे कठीण असते. कुत्र्याच्या बाबतीत भिडेचा प्रश्नच येत नाही.

प्रथम शरीराची गोष्ट पाहू. कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांच्या आधाराने उघडी राहते. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर इत्यादी ठेंगण्या जातींत ही कूर्चा पुष्कळदा दुबळी असते. वय वाढू लागले म्हणजे नलिका चपटी होऊ लागते आणि बदक ओरडावे तसा कोरडा, कर्कश खोकला सुरू होतो. हा विकार केवळ पट्ट्यामुळे जडतो असे नव्हे; पण तो जडलेला असता गळ्यावर ताण पडला की खोकल्याची उबळ येते, म्हणून पशुवैद्य अशा कुत्र्याचा गळपट्टा प्रथम सोडावयास सांगतात. पगाचे नाक आधीच चेपलेले, श्वास मुळातच कष्टाचा आणि डोळे खोबणीतून पुढे आलेले. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, गळपट्ट्यास ताण दिला असता डोळ्यांतील दाब वाढतो. हार्नेसला ताण दिला असता तो तसा वाढत नाही. २०२० साली इंग्लंडात एका कृत्रिम मानेवर निरनिराळ्या प्रकारचे गळपट्टे ताणून पाहण्यात आले, तेव्हा ओढ बसल्यावर इजेची भीती राहणार नाही असा एकही पट्टा त्यांत सापडला नाही.

इतके स्पष्ट असता गळपट्टा अद्याप टिकून का आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी क्षणभर कुत्र्यास सोडून बैलाकडे वळावे लागेल. बैलाचे जू गळ्यावर येत नाही. ते वशिंडाच्या पुढे, शेतकरी ज्यास खांदा म्हणतो त्या जागी टेकते. ही व्यवस्था केवळ दयेतून निर्माण झाली असे मानण्याचे कारण नाही. गळा दाबला गेलेला बैल नांगर ओढू शकत नाही. म्हणून धन्याचा स्वार्थ आणि जनावराचे सुख ही दोन्ही तेथे एकाच खांद्यावर येऊन भेटली. तथापि आमच्या शेतकऱ्याने येथेच हिशेब संपविला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास हळद आणि तूप किंवा लोणी चोळून तो शेकण्याची, खांदेमळणीची, चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. ज्या जागी वर्षभर भार टाकला, त्या जागी एक दिवस स्वतःचा हात ठेवून पाहणे, यात उपकाराची जाणीव आहे तशी कबुलीही आहे.

घरातल्या लहान कुत्र्यास ही सोय लाभत नाही. ते काही ओढून आणत नाही, त्यामुळे त्याचा गळा आवळला गेल्याने आपले कोणतेच काम अडत नाही. जेथे धन्याचा स्वार्थ जनावराचे रक्षण करतो, तेथे सद्सद्विवेकास फारसे श्रम पडत नाहीत; जेथे तो करीत नाही, तेथे विवेकाशिवाय त्यास दुसरा वाली नसतो. गळपट्टा टिकला तो यामुळे, असे आम्हांस वाटते. त्याचा खर्च धन्याच्या खात्यावर पडत नाही.

गळपट्ट्याच्या बाजूने कोणी असे म्हणेल की, हार्नेस घातला की कुत्रे अधिक ओढते, आणि गळ्यास हिसका बसल्याखेरीज त्यास शिस्त लागत नाही. यातील पहिल्या विधानात तथ्य आहे. दोरी पाठीवरच्या कडीस लावली की कुत्रे छाती टेकून मनसोक्त ओढू शकते. दोरी छातीपुढच्या कडीस लावली तर ओढणारे कुत्रे आपोआप वळते, हा त्यावरचा एक उपाय आहे. परंतु दुसऱ्या विधानाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. सक्तीचे समर्थन होऊ शकते ते निकडीने. चाळीस किलोचा कुत्रा धावत सुटला तर धनी फरफटत जाईल, ही निकड निदान समजण्यासारखी आहे. पण तीन-चार किलोच्या जिवास आवरण्यासाठी धडधाकट माणसास किती बळ लागते? आपले सामर्थ्य जेथे सर्वांत अधिक, तेथे सक्तीची गरज सर्वांत कमी असते. आणि नेमके तेथेच आपण ती सर्वांत सहजपणे वापरतो. घाई झाली की मोठ्या कुत्र्याची मनधरणी होते. लहानग्यास मात्र हिसक्यासरशी अर्धवट उचलूनच पुढे नेले जाते. त्यात शिस्त थोडी आणि उतावीळपणाच फार असतो. हिसक्याऐवजी थांबणे, वळणे व खाऊ देऊन शिकविणे यांस वेळ लागतो, हे खरे. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की, त्या शिक्षणाची किंमत कोणी द्यावी: आपल्या वेळाने, की त्याच्या गळ्याने?

म्हणून हार्नेस विकत घेतला की आपण दयावंत झालो, असेही समजू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्नेस घालून चालणाऱ्या कुत्र्यांच्या खांद्यांची हालचाल मोजली असता ती काहीशी आखडलेली आढळली. खांद्यास मोकळीक देणारा म्हणून समजला जाणारा प्रकारही त्यास अपवाद नव्हता. बेताचा नसलेला पट्टा काखेत काचतो आणि सैल पट्ट्यातून घाबरलेले कुत्रे मागे सरकून निसटते. साधन सौम्य असले म्हणजे वापरणाराचे लक्ष सुटते, हा सौम्य साधनांचा मोठाच धोका होय.

याहून खोल आक्षेप असा की, बांधावयाचेच आहे तर गळ्यास काय नि छातीस काय! इसापाच्या कथेतील लांडगा कुत्र्याच्या मानेवरील पट्ट्याचा वण पाहून रानात परत गेला, त्यास मऊ हार्नेस दाखविला असता तरी तो थांबला नसता. हे आम्हांस मान्य आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागून गेलेल्या कुत्र्यास कोणी दोरी लावली नव्हती. पण त्या वाटेवर मोटारी नव्हत्या. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर दोरी सोडणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे, टाकून देणे होय; आणि आश्रिताचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला, हाच त्या कथेचा आपल्यापुरता अर्थ आहे. बांधण्याचा आपला अधिकार रक्षणातून निघतो, म्हणून रक्षणास लागेल तेवढाच तो पुरतो. त्यापलीकडचा प्रत्येक काच हा अतिक्रम होय. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी वेळ जनावर बांधून ठेवणे हा अपराध ठरविला आहे. कायदा साखळीची लांबी पाहील. पट्ट्याखालची कातडी पाहण्याचे काम धन्याचेच.

तेव्हा आमचे मत असे: नावाचा बिल्ला अडकविण्यापुरता हलका पट्टा गळ्यात असावा, दोरी मात्र छातीपट्ट्यास लावावी, आणि पट्ट्याखाली दोन बोटे सहज जातात की नाही हे वरचेवर पाहावे. लहान कुत्रे वाढते, कधी लठ्ठ होते, कधी आजारपणात रोडावते. त्यामुळे एकदा बेतलेला पट्टा कायमचा बरोबर राहत नाही. आणि काचणाऱ्या पट्ट्याच्या धन्यासही ते शेपूट हलवूनच सामोरे येते. म्हणून त्याच्या आनंदास आपल्या निर्दोषपणाचा पुरावा मानू नये. पुरावा पाहिजे असल्यास घरी आल्यावर पट्टा सोडावा आणि तो जेथे होता तेथे हात फिरवून पाहावे.