निरोध

माझ्या टेबलाच्या खणात तीन वस्तू एकत्र नांदत. खिशात मावणारा हरिपाठ, निरोधची पाकिटं आणि निरोध कसा चढवायचा ते दाखवायला खात्याकडून आलेलं लाकडी मॉडेल. गळ्यात तुळशीची माळ. 2007 ते 2023 मी पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीचा समुपदेशक होतो. आमच्या दिंडीतले एक म्हातारे विणेकरी एकदा डोळे तपासायला आले, तसे माझ्या खोलीतही डोकावले. खण उघडाच होता. "माउली, गळ्यात माळ घालून हे वाटायचं?" एवढंच म्हणाले. आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता, म्हणून ते कुठेतरी रुतून बसलं.

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता. 1994 साली तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यायला प्रशासनानं नकार दिला, तेव्हा कारण हेच होतं की दिले तर त्या कृत्याला उत्तेजन मिळेल. 2001 साली लखनौत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एड्सचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचललं आणि दीडेक महिना डांबून ठेवलं. पापापासून वाचवा, पण पापाच्या परिणामापासून वाचवू नका, असा हा हिशेब. वरवर पाहता तो धार्मिकच वाटतो.

माझ्यासमोर बसणारा माणूसही बहुधा त्याच हिशेबानं बोलायचा. ट्रकचे ड्रायव्हर, त्यांचे किन्नर, कारखान्यावर आलेल्या ऊसतोड टोळ्यांतले गडी. (ट्रकवरच्या पोराला आमच्याकडे किन्नर म्हणतात. शहरातून आलेल्या एका प्रशिक्षकानं त्यामुळे माझ्या नोंदवहीतले आकडे भलत्याच रकान्यात नेले होते.) इंजिनाजवळ बसून अंगात गर्मी चढते, ती बाहेर काढावी लागते, अशी ड्रायव्हरांची पक्की समजूत. रिपोर्ट सांगितला की ती गर्मी एका क्षणात उतरायची आणि माणूस म्हणायचा, "कर्माची फळं, दुसरं काय." नव्या संसारातली बायको गरोदरपणाच्या तपासणीत आधी सापडली, तर सासूही कर्मच म्हणायची, फक्त सुनेचं.

कीर्तनात आम्ही संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग ऐकत आलो. साठलेलं, भोगायला आलेलं आणि आत्ता हातून घडतंय ते. माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिली दोन पाठ होती. तिसऱ्याचं नाव कुणी काढत नसे. मीही नाही.

टेबलाच्या काचेखाली मी अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या आकड्यांचा एक कागद ठेवला होता. जोडीदाराला एचआयव्ही आहे, औषध चालू नाही, निरोधही नाही, अशा संबंधाच्या दहा हजार वेळांमागे लागण किती होते, याचा तो अंदाज. स्त्रीकडे जाणाऱ्या पुरुषाला सुमारे 4. बाधित पुरुषाकडून स्त्रीला सुमारे 8. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला सुमारे 138. तिथलं अस्तर नाजूक, पटकन फाटतं, आणि विषाणूला हव्या असलेल्या पेशी त्याच्याखालीच दाटीनं असतात. या कागदाकडे मी किती दुपारी पाहत बसलो असेन. शंभर वेळा जाऊन कोरडा राहिलेला ड्रायव्हर मला ठाऊक होता आणि एकदाच गेलेला किन्नरही. घराबाहेर पाऊल न टाकलेल्या बायकोची जोखीम बाहेर जाणाऱ्या नवऱ्याच्या दुप्पट. हा न्याय असेल, तर न्यायाधीश अस्तर पातळ की जाड एवढंच बघून निकाल देतो म्हणायचं.

शेजारच्या टेबलावर रक्त घेणारे आमचे टेक्निशियन बौद्ध. ते हा कागद वाचून हसले होते. "बुवा, तुमचा घोळ जुना आहे," म्हणाले. सीवक नावाच्या एका परिव्राजकानं बुद्धांना नेमकं हेच विचारलं होतं, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मानंच, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्धांनी आठ कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतू पालटणं, स्वतःची नीट काळजी न घेणं, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्माचा विपाक. आठातलं एक. बाकी सातांसाठी वैद्य बोलवावा, पूर्वजन्म नव्हे, असा अर्थ मी काढला. टेक्निशियननं तो फारसा मान्य केला नाही. त्यांचं म्हणणं, पूर्वजन्माचं सोडा, आत्ता काय करताय ते बघा. मग खणाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि निरोध तर आमचं तिसरं आर्यसत्य." सरकारनं 1968 मध्ये पाकिटावर हा शब्द छापला. पतंजलींच्या दुसऱ्याच सूत्रात तो आहे. दुःख थांबवणं, चित्ताचं धावणं थांबवणं आणि विषाणू थांबवणं. कुठल्या बाबूनं हे नाव सुचवलं असेल कोण जाणे, पण त्याला नमस्कार करावासा वाटतो.

इथपर्यंत सगळं डोक्यातलं. पुढचं तसं नाही.

2009 सालची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून सांगतो. तिशीतला एक ड्रायव्हर लघवीच्या जागी जखम झाली म्हणून आला होता, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवला. तपासणी पॉझिटिव्ह. त्याच्या सांगण्यावरून बायकोचीही केली, ती निगेटिव्ह. म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ शिल्लक होतं. बायको बाहेर बाकावर बसून पोराला बिस्किट भरवत होती. मी दारातून तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "त्या बिचारीचा काय दोष?"

तो उठला. पाकिटं टेबलावरच राहिली. त्यानं लिहून दिलेला मोबाइल नंबर चुकीचा निघाला.

चौदा महिन्यांनी तो शेजारच्या टीबीच्या खोलीत आला. वजन एकोणचाळीस किलो. बायकोची पुन्हा तपासणी केली. आता तीही पॉझिटिव्ह होती. तेव्हा सीडी-फोर पेशी ठराविक आकड्याखाली उतरल्याशिवाय गोळ्या मिळत नसत (तपासणी झाली की लगेच गोळी, हे 2017 पासूनचं), त्यामुळे तो थांबला असता तरी पहिल्या दिवसापासून औषध मिळालंच असतं असं नाही. पण पाकिटं मिळाली असती. दर थोड्या दिवसांनी बोलणं झालं असतं. माझ्या एका वाक्यानंच तिला लागण झाली असं मी म्हणू शकत नाही. नाही झाली असंही म्हणू शकत नाही.

बायकोला निर्दोष म्हटलं, तेव्हाच मी समोरच्या खुर्चीतल्याला दोषी ठरवून मोकळा झालो होतो. दुसरा शब्द उच्चारावाही लागला नाही, त्यानं तो ऐकला. त्याचं प्रारब्ध शोधत बसलो आणि माझं क्रियमाण माझ्याच तोंडून घडून गेलं. कर्माचा सिद्धांत म्हणतो, ज्याचं त्यानं भोगावं. माझं फळ तर एका परक्या बाईच्या रक्तात पिकलं. याचं उत्तर मला अजून कुठल्या कीर्तनात मिळालेलं नाही. टेक्निशियननाही विचारलं. ते म्हणाले, चहा घेऊ.

विणेकऱ्यांशी त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. वारीत भेटत होतो, पायावर डोकं ठेवत होतो. 2021 मध्ये त्यांचा फोन आला. "माउली, एक मुलगा येईल. कोण, कुठला, विचारू नका."

मुलगा पंचविशीचा. बराच वेळ काचेखालचा कागद वाचत बसला. 138 वर त्याचं बोट थांबलं. मी काही विचारलं नाही. तपासणी झाली, तिन्ही चाचण्या सारख्या आल्या. मग तोच बोलला. पुरुषांकडे ओढा आहे हे शाळेपासून माहीत होतं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाचा कलम 377 वरचा निकाल त्यानं मोबाइलवर, रात्री, पांघरुणात वाचला होता. "कायद्यानं सोडलं काका. पांडुरंगानं सोडलंय का?"

पांडुरंगाच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नाही, हे मी त्याला सांगितलं. त्या आकड्याचा अर्थ सांगितला, अस्तराचं सांगितलं. सीवकाचीही गोष्ट सांगितली, बौद्ध टेक्निशियनच्या परवानगीनं. रोज एक गोळी, चुकवायची नाही. रक्तातला विषाणू मोजता येण्याच्या खाली गेला आणि तसाच राहिला, की संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. त्याचं डोळ्यातलं पाणी थांबलं ते या वाक्यावर. म्हणजे माझ्यामुळे कुणाला काही होणार नाही? नाही होणार. त्यानं मला ते तीनदा म्हणायला लावलं.

वर्षभरानं विषाणू सापडेनासा झाला. तो रिपोर्ट घेऊन आला, तेव्हा आषाढी दोन आठवड्यांवर होती. मान खाली घालून म्हणाला, विणेकरी आजोबा माळ घालतो म्हणालेत. मांसमच्छी, दारू सोडायची, एकादशी धरायची, ते सगळं जमेल. एकच शंका आहे.

"एकादशीला ती गोळी चालते का?"

चालते म्हटलं. ही गोळी उपाशीपोटीही घेता येते. पाण्यानं उपास मोडत नाही.