हात थांबतात तेव्हा

नाताळपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस आपल्याकडे खऱ्या थंडीचे. मुलांना सुट्टी असते, संध्याकाळ लवकर उतरते आणि जेवणानंतर घरातली माणसे एका खोलीत जमतात. लोकरीची कामे फार पूर्वीपासून याच दिवसांत होत आली आहेत. लडाख आणि किन्नौरमध्ये बर्फाने वाटा बंद झाल्या की घरात कातणे-विणणे सुरू होते. हिमाचलचे गद्दी मेंढपाळ चालता चालता टकळी फिरवतात. आपल्याकडे मेंढ्या धनगरांच्या आणि घोंगडी विणणारे हात सनगरांचे. शहरातल्या घरांतही बाळंतविड्यातली टोपडी आणि मोजे सुयांवर चढतात ते बहुधा याच दिवसांत.

आज आपण ही कामे मनाने करून पाहू. जवळ लोकर असेल तर हातात घ्या, नसेल तरी चालेल. फक्त सावकाश वाचा. प्रत्येक कामात अशी एक जागा येते की तिथे हातांना काही करायचे उरत नाही आणि तरीही काम चालू राहते. त्या जागेवर लक्ष ठेवा.

पुंजका

धुऊन पिंजलेल्या लोकरीचा एक पुंजका तळहातावर ठेवा. लगेच काही करू नका. त्याला वजन जवळजवळ नसतेच. उजेडाकडे धरून पाहा. एकही तंतू सरळ नाही. प्रत्येकाला बारीक लाटा आहेत, त्यामुळे ते एकमेकांपासून थोडे दूर राहतात आणि मधल्या फटींमध्ये हवा अडकते. नाकाशी न्या. नीट धुतलेल्या लोकरीलाही मेंढीच्या अंगच्या तेलाचा मंद वास असतो.

आता मूठ हलकेच मिटा आणि थोडा वेळ तशीच राहू द्या. तळवा उबदार होईल. ही ऊब आली कुठून? लोकर स्वतः उष्णता तयार करून देत नाही. तुमच्याच अंगाची उष्णता बाहेर चालली होती. तंतूंमधल्या हवेने ती अडवली, कारण तिथली हवा हलत नाही. लोकरीचे मुख्य काम एवढेच, हवा जागच्या जागी ठेवणे. हवेतला दमटपणाही ती मुकाट्याने पोटात घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प शोषले तरी ती हाताला ओली लागत नाही.

ही लोकर आधी कोणाच्या तरी अंगावर होती. तो कळप आठवा. आपण दारे लावून घरात बसतो त्या दिवसांत घाटावरचे कितीतरी धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरलेले असतात, लोकांच्या शेतात मेंढ्या बसवून उघड्यावर रात्र काढतात. त्यांना आणि त्या मेंढ्यांना मनातल्या मनात नमस्कार करा. मग पुढे जा.

पीळ

पुंजक्याच्या कडेचे थोडे तंतू चिमटीत धरा आणि ओढा. ते सरकतात, लांबतात, विरळ होतात आणि शेवटी सुटून येतात. जोर लावावाच लागत नाही. आता पुन्हा तसेच ओढा, पण ओढता ओढता दोन बोटांत पीळ द्या. सरकणे थांबले. आणखी पीळ द्या आणि ताणून पाहा. मघाशी फुंकरीने उडणारे तंतू आता ताण सहन करत आहेत.

यात बाहेरून काहीही घातलेले नाही, डिंक नाही की गाठ नाही. तंतूंवर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, खवले खवल्यांना अडतात आणि त्या घर्षणावर धागा उभा राहतो. सुटा तंतू चार-सहा इंचांचा, पण धागा हवा तेवढा लांब होतो. एक तंतू संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असतो. सगळी लांबी तोलून धरणारा तंतू त्यात एकही नाही. या गोष्टीपाशी थोडे थांबा.

माणसाला हे फार आधी कळले. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या नेवाशाला 1950च्या दशकात उत्खनन झाले. तिथे ताम्रपाषाण काळातल्या एका बालकाच्या गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले, आणि त्या मण्यांमध्ये कापूस आणि रेशमाच्या धाग्याचा अंश टिकून होता. तीन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कोणीतरी बसून तो धागा कातला आणि लेकराच्या गळ्यासाठी त्यात मणी ओवले. त्या बोटांची हालचाल आणि आत्ता तुमच्या बोटांनी केलेली हालचाल यांत फरक नाही.

टकळी फिरवा किंवा चरखा. पेटीत मावणारा जो चरखा आज खादी भांडारात दिसतो त्याला येरवडा चरखा म्हणतात. गांधीजी 1930च्या दशकात येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा तो तिथे घडला. बंदिवासात हातांना काम हवे होते आणि जागा थोडी होती. त्या गरजेतून देशाला एक सुबक साधन मिळाले.

आता कातलेला धागा पाहा. ताजा धागा हातात धरला की उसळतो, स्वतःभोवती गुंडाळतो, गाठी करू पाहतो. अशा धाग्यावर जबरदस्ती करून उपयोग नसतो. त्याची लडी करा, कोमट पाण्यात बुडवा, हलकेच पिळा आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी तोच धागा शांत लोंबत असतो. पीळ तेवढाच आहे, पण तो आता मुरला आहे. रात्री तुम्ही झोपला होतात. हात थांबण्याची ही पहिली जागा.

रंग

रंगवण्याआधी लोकरीला तुरटी द्यावी लागते. 100 ग्रॅम लोकरीला 10 ते 15 ग्रॅम तुरटी पुरते. गरम पाण्यात विरघळवायची, लडी सोडायची, अगदी सावकाश तापवायचे आणि चूल बंद करून भांडे तसेच राहू द्यायचे. तुरटीतले ॲल्युमिनियम एका बाजूने तंतू धरते आणि दुसऱ्या बाजूने रंग. ते नसेल तर बरेचसे रंग धुण्यात निघून जातात.

मग स्वयंपाकघरात पाहा. लासलगावच्या बाजारातून घरोघरी जाणाऱ्या कांद्याची वरची कोरडी साल आपण रोज टाकून देतो. ती उकळली की तुरटी दिलेल्या लोकरीवर पिवळ्यापासून गंजासारख्या नारिंगीपर्यंतच्या छटा चढतात. त्याच पाण्यात लोखंडाचा अंश आला की रंग हिरवट, काळपट होतो. मंजिष्ठेच्या मुळांनी लाल येतो. हळदीचा पिवळा सगळ्यात झगझगीत, आणि उन्हात तोच सगळ्यात आधी उडतो. डाळिंबाची साल शांत पिवळसर तपकिरी देते आणि टिकते.

भांड्याजवळ उभे राहा. घाई करावीशी वाटेल, ती होऊ देऊ नका. गरम लोकरीवर एकदम थंड पाणी पडले किंवा तिला जोरात ढवळले, तर तेच खवले एकमेकांत घट्ट अडकतात आणि लडीचा नमदा होतो. तो पुन्हा सुटत नाही. म्हणून पाणी उकळी फुटायच्या आत ठेवायचे, आच विझवायची आणि लडी त्याच पाण्यात निवेपर्यंत सोडून द्यायची. निवता निवताही रंग धाग्यात शिरत राहतो. हात थांबण्याची ही दुसरी जागा.

निळ्याची तऱ्हा वेगळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. कुंड आंबवून त्यातला प्राणवायू घालवला की ती विरघळते, आणि तेव्हा कुंडातले पाणी निळे दिसतच नाही, हिरवट पिवळे दिसते. लडी बुडवा. बुडबुडे न उठवता हळूच बाहेर काढा. ती पिवळसर हिरवी निघेल. आता तिला हात लावू नका, फक्त पाहा. हवा लागली त्या बाजूने हिरवा गडद होतो, कडांना निळसर होतो, मग निळा आतल्या घड्यांकडे सरकत जातो. काही मिनिटांत लडी निळी होते. ते काम हवेने केले. गडद हवा असेल तर पुन्हा बुडवा आणि पुन्हा हवेवर सोडा.

निळ्यापाशी आणखी एका कारणाने थांबायला हवे. या रंगासाठी माणसे भरडली गेली आहेत. बंगालच्या शेतकऱ्यांनी 1859 मध्ये नीळ पेरायला नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. चंपारणात तीनकठिया पद्धत होती. बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावलीच पाहिजे. 1897 पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भाव कोसळले, तरी शेतकऱ्याची सुटका झाली नाही. 1917 मध्ये गांधीजी तिथे गेले ते या प्रश्नासाठी. सुंदर वस्तू हातात असताना ती कोणाच्या श्रमातून आली हे आठवल्याने तिचे सौंदर्य कमी होत नाही. आपण तिच्याशी अधिक जपून वागू लागतो.

टाका

लडीचा गुंडा करा आणि सुईवर टाके घाला. पहिली ओळ. सुई टाक्यात घाला, धागा वरून घ्या, ओढा, जुना टाका सोडा. सुलट. मग उलट. एक सुलट, एक उलट. मोजणे बोटांवर सोपवा आणि श्वास आपल्या चालीने चालू द्या.

एका टाक्याकडे बघा. तो फक्त एक वळसा आहे, पण त्याच्या खालच्या टाक्याला तोच धरून आहे आणि त्याला वरचा धरणार आहे. सगळे कापड एका अखंड धाग्याचे. म्हणूनच विणलेले वस्त्र ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते, आणि म्हणूनच ते पूर्ण उसवून त्याच धाग्याचे दुसरे काही करता येते. मोठ्या मुलाचा स्वेटर उसवून धाकट्याचा करणारी घरे आपण पाहिली आहेत. इजिप्तमध्ये मध्ययुगातले सुती मोजे सापडले आहेत, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. नक्षीतला तो निळा निळीचाच. आजही मोजा त्याच रीतीने सुयांवर चढतो.

विणताना मनात बहुधा एक माणूस असतो. बाळंतविडा विणणारी आजी किंवा मावशी ज्याच्यासाठी विणते ते बाळ अजून जन्मालाही आलेले नसते. टोपड्याचे माप ती अंदाजाने घेते आणि ओळींमागून ओळी त्या न पाहिलेल्या डोक्यासाठी घालते. तुमच्या मनात आत्ता कोण आहे? त्या माणसाला थंडी कुठे वाजते, कानाला की छातीला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर विचारा. विणकाम तिथूनच सुरू होते.

शेवटचे टाके बंद करा. वस्त्र कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून घ्या, सपाट पसरून हाताने आकार द्या आणि सावलीत सोडा. ओळी सारख्या होतात, वेडेवाकडे टाके आपापल्या जागी बसतात. हात थांबण्याची ही शेवटची जागा.

ऊब

आता सगळे एकत्र मनात आणा. तंतूंमधली न हलणारी हवा, रात्रभर मुरलेला पीळ, निवत जाणारे भांडे, वाऱ्यावर निळी होणारी लडी, सावलीत वाळणारे वस्त्र. या प्रत्येक ठिकाणी माणसाने आपले काम मन लावून केले होते आणि मग तो बाजूला झाला होता. आधीचे काम नीट झाले असेल तरच थांबण्याला अर्थ येतो. आणि थांबलोच नाही, तर आधीची सगळी मेहनत उसळत, उडत, आटत जाते.

आपण सुट्टीला कामातला खंड समजतो आणि ती भरून काढायला धावतो. वर्षभर आपण जे शिकलो, सोसले, ज्यांच्याशी जोडले गेलो ते सगळे अजून ताज्या पिळासारखे उसळते आहे. त्याला मुरायला चार रात्री हव्यात, आणि ते निवत असताना झाकण काढून पुन्हा पुन्हा ढवळायचे नसते. हे दिवस त्यासाठीच आहेत.

एक विनंती करतो. दख्खनी मेंढीच्या राठ, काळ्या लोकरीला आज बाजारात फारशी किंमत नाही. कितीतरी ठिकाणी कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. ज्यांनी आपल्याला घोंगडे दिले त्यांच्या हातांचे काम असे संपत चालले आहे. या हिवाळ्यात एक हातमागाचे घोंगडे विकत घ्या, भावात घासाघीस न करता. आणि घरातल्या एखाद्या मुलाला सुट्टीत पीळ द्यायला शिकवा. त्याला कापसाचा एक पेळू आणि तुमची एक निवांत दुपार पुरेशी आहे.